बास्ट शो आणि वा

चर्चमध्ये मोठ्यांदा बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. अगदीच काही मी गावंढळ नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं. आणि ते गेलं नसतं तर केसलरांची नि माझी ओळखच झाली नसती.

झालं असं, की नोव्हेंबरातला रविवार होता. जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनमध्ये रविवारची बस म्हणजे उपकार केल्यासारखी येते, आणि माझी नुकतीच माझ्या डोळ्यांदेखत सुटली होती. वारा असा, की कान गळून पडतील. समोर एक चर्च होतं आणि त्याचं दार उघडं होतं. ऊब मिळेल म्हणून आत शिरले. भक्तिभाव वगैरे काही नाही, सरळ सांगते.

आत मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू होती. वर मागच्या सज्जात कॉयर गात होता. मी नाशिकची, लग्नाआधी बरीच वर्षं शास्त्रीय गाणं शिकलेली. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी बेसूर झालंय. मग कळलं, सगळेच ठरवून झालेत. शेजारशेजारचे स्वर त्यांनी एकाच वेळी लावले होते, आणि ते एकमेकांना घासून असे काही लखलखत होते की मी बसायचंच विसरले. गाणं आजच्या काळातलं, शब्द मात्र जुने लॅटिन. मग कॉयर थांबला आणि त्याच्या शेवटच्या सुरावरून ऑर्गन निघाला.

आता ऑर्गन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा. हे प्रकरण भलतंच होतं. भिंतभर नळ्या, जमिनीतून पोटात शिरणारा आवाज. पण मला धरून ठेवलं ते आवाजाने नाही. वाजवणारा वाचून वाजवत नव्हता. हे कसं कळलं म्हणाल, तर कळतं. शोधत चाललेल्या माणसाची चाल वेगळी असते. तो एका सुरापर्यंत गेला, तिथे त्याचं मन रमलं नाही, परत फिरला, भलत्याच दाराने आत आला आणि कॉयरने सोडलेल्या नेमक्या त्या सुरावर येऊन बसला.

"वा!" मी म्हटलं. चांगलं खणखणीत.

सगळ्या माना वळल्या. वर ऑर्गनसुद्धा क्षणभर थबकला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि मग ऑर्गन पुन्हा सुरू झाला तो थांबेचना! पाद्रीबाबा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

मिस्सा संपल्यावर मी चोरपावलांनी दाराशी पोचतेय तोच जिन्यावरून एक उंच, थोडे वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ धडधडत खाली आले. हातात कापडी पिशवी. थेट माझ्यासमोर उभे राहून त्यांनी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मी जर्मनमध्ये सांगितलं, मला फ्रेंच येत नाही हो.

"पण 'वा' तुम्हीच म्हणालात ना?"

हे हेर, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, केसलर. त्या चर्चचे कांटोर, म्हणजे ऑर्गन वाजवणारे तेच आणि कॉयरला शिकवणारेही तेच. तरुणपणी ते पॅरिसला शिकले होते. तिकडे ऑर्गनवर आयत्या वेळी मनातून वाजवायची परंपरा पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. शिष्य वाजवायला बसायचा, गुरुजी पाठीमागे उभे राहायचे, आणि तो अडखळला की मागून म्हणायचे, "वा, वा!" फ्रेंचमध्ये वा म्हणजे जा. पुढे जा.

"इतक्या वर्षांनी मागून तो शब्द आला," केसलर म्हणाले, "मला वाटलं, मी चुकलो. म्हणून पुढे गेलो."

"अहो, चुकला कुठे होतात! आमच्यात आवडलं की वा म्हणतात."

"आवडलं तर शेवटी सांगायचं."

"शेवटी कशाला? जिथे आवडलं तिथे सांगायचं."

"संगीत चालू असताना?"

"म्हणजे काय! कधीकधी तर गाणारा गाता गाता नुसता थांबतो. त्या थांबण्यालाही आम्ही वा म्हणतो."

"काहीच ऐकू येत नसताना?"

"तेव्हाच तर जरा मोठ्यांदा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याकडे चर्चमध्ये डबा उघडून जेवायला बसण्याची परवानगी मागितली होती.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. केसलर पक्के फ्रँकोनियाचे. या मुलखात कौतुक करणं म्हणजे दाढ उपटल्यासारखं. इथली सगळ्यांत मोठी शाबासकी म्हणजे "बास्ट शो". अर्थ काय, तर "ठीक आहे, चालेल". बटाट्याचे गोळे उत्तम झाले, बास्ट शो. मुलगी डॉक्टर झाली, बास्ट शो. माझा नवरा मिलिंद इथे वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याचं डिझाइन पास झालं तेव्हा त्याचा बॉस "बास्ट शो" म्हणाला, आणि हा बिचारा दोन रात्री झोपला नाही, कुठे चुकलं म्हणून.

त्या दिवशी दारातच केसलरांनी मला कॉयरमध्ये ओढलं. "अल्टो कमी आहेत," एवढंच कारण दिलं; अल्टो म्हणजे बायकांमधला खालच्या पट्टीचा आवाज. आडनाव विचारलं. मी म्हटलं, जोगळेकर. जर्मनमध्ये जे (J) या अक्षराचा उच्चार य, त्यामुळे मी कागदावर चढले आणि त्या क्षणापासून 'फ्राऊ योगलेकर', म्हणजे योगलेकर बाई, झाले. पहिल्या दिवशी दोन बायकांनी मला योगासनांचे क्लास घेता का म्हणून विचारलं.

वाटलं होतं, एवढा मनमोकळा वाजवणारा माणूस, तालमीत मजा असेल. कसली मजा! वर ऑर्गनवर बसले की केसलर मोकाट सुटायचे, पण आम्हाला कागदावरच्या टिंबाबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाहीत. माझी तर सवयच वाईट. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा आपसूक घसरत जातो, मींड लागते. ते हात वर करून सगळ्यांना थांबवायचे.

"फ्राऊ योगलेकर. लिफ्ट नको. जिना."

त्यावर अख्खा कॉयर हसायचा. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही वर वाट्टेल ते वाजवणार आणि आम्ही इथे कवायत करायची? हा कुठला न्याय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मी उडी मारतो," ते म्हणाले, "कारण खाली जमीन आहे हे मला माहीत असतं. जमीन तुम्ही आहात. जमीन हलली तर माझं काय होईल?"

मी निमूट जिना चढले. दुसऱ्यांदा म्हणून दाखवलं, तर म्हणाले, "बास्ट शो." शेजारची बाई माझ्या कानात कुजबुजली, "अगं, हे ते मला अजून एकदाही म्हणाले नाहीत!"

त्यांच्या त्या कापडी पिशवीत ऑर्गनचे बूट असायचे. पातळ तळाचे, काळे, लेसचे. पायांनीही स्वर वाजवायचे असतात, म्हणून ते रस्त्यावर कधी घालायचे नाहीत. जिन्याखाली बसून बूट बदलणं हा त्यांचा सोहळा होता. त्या वेळात कोणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. मी म्हणायचे, यांचं सोवळं पायात आहे.

आणि दुसरी खोड म्हणजे जिथे तिथे स्वर उचलायचे. चर्चसमोर बस थांबते, तिचं दार बंद होताना दोन स्वर वाजतात, वरचा नि खालचा. इथले सगळे ते रोज ऐकतात, पण कान देऊन ऐकत नाहीत. एका रविवारी मिस्सा संपल्यावर केसलरांनी तेच दोन स्वर घेतले आणि त्यांतून असं काही उभं केलं की माझ्या अंगावर काटा आला. लोक मात्र बाहेर पडताना बसचा टाइम बघत होते. आमची लेक ईरा तेव्हा शाळकरी होती, मराठी सगळं कळतं पण बोलणार जर्मनच. ती तेवढी जर्मनमध्ये ओरडली, "आई, ही तर आपली बस आहे!" केसलरांना मी हे सांगितलं, तर दिवसभर खूश.

सासूबाई नाशिकहून आल्या तेव्हाची गोष्ट तर सांगायलाच हवी. "तू रविवारी जातेस कुठे, ते मला बघू दे," म्हणाल्या. साडी, त्यावर मिलिंदचं जाकीट, डोक्याला कानटोपी. चर्चच्या दाराशी पोचलो आणि त्यांनी बूट काढले. बर्फ पडून गेलेलं, फरशी गार दगडाची.

"अहो आई, इथे चालतात बूट!"

"चालत असतील त्यांना. देवळात आलेय मी."

मोज्यांवर टुकटुक चालत त्या आत गेल्या. ती काढून ठेवलेली जोडी पाहून मागून आलेल्या दोघा-तिघांना वाटलं, आज काही खास दिवस असेल. त्यांनीही काढले. मिस्सा संपेपर्यंत दाराशी ही रांग! पाद्रीबाबा चक्रावले. केसलर वरून उतरले, बूट पाहिले, स्वतःच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि सासूबाईंसमोर कमरेत वाकले. बुटांचं सोवळं कळणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

सासूबाईंनी विचारलं, "मास्तर, हे सगळं घरून ठरवून येता का?" मी भाषांतर केलं. केसलर म्हणाले, नाही, कुणीतरी सूर द्यायचा असतो, तुम्ही द्या. पॅरिसमध्ये म्हणे श्रोत्यांनी सूर सुचवायचा रिवाजच आहे. सासूबाई लाजल्या-बिजल्या नाहीत. बाळाला न्हाऊ घालताना त्यांची आई जे काही गुणगुणायची, ते तिथेच उभ्याउभ्या म्हणून दाखवलं. चारच सूर, खालीवर. केसलर पुन्हा वर गेले, बूट बदलले, आणि रिकाम्या चर्चमध्ये त्या चार सुरांवर वाजवत बसले. आधी नळीतून फुंकर घातल्यासारखं हळू. मग वाढत वाढत असा कल्लोळ, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

खाली येऊन त्यांनी विचारलं, "काय म्हणतात?"

सासूबाई म्हणाल्या, "छान. पण शेवटी फार ओरडलं. बाळ उठेल."

मी म्हटलं, "त्यांना खूप आवडलं."

केसलर माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "त्या इतकं थोडं बोलल्या नाहीत." मग काय, खरं ते सांगावं लागलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर. बाळ विसरलो मी." आणि पुढच्या रविवारी तोच सूर पुन्हा घेतला आणि शेवट इतका अलगद केला, की सासूबाईंनी जागच्या जागी हात जोडले.

निघताना सासूबाई त्यांना म्हणाल्या, "या हं आमच्याकडे." केसलर म्हणाले, "या, या!" जर्मनमध्ये या म्हणजे हो, हे सासूबाईंना कुठलं ठाऊक? घरी येईपर्यंत त्या सांगत होत्या, "मास्तरांना मराठी येतं गं. मलाच उलट या या म्हणाले." मी त्यांना समजावलं, की ते हो म्हणत होते. "मग तेच ते," त्या म्हणाल्या. "येतो म्हणाले ना?"

हे सगळं चांगलं चाललं होतं. मग केसलरांच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टर झाले, व्यायाम झाले. आधी ते अवघड जागा टाळायला लागले, मग सोप्याही. उत्तरेला समुद्राकडे त्यांची बहीण राहायची, उन्हाळ्यात कायमचं तिच्याकडे जायचं ठरलं.

पण जायच्या आधी, मे-जूनमध्ये येणाऱ्या पेन्टेकोस्टच्या सणाला त्यांची स्वतःची मिस्सा गायची होती. कॉयरसाठी त्यांनी ती बरीच वर्षं खपून लिहिली होती. आमचे स्वर काटेकोर, प्रत्येक श्वाससुद्धा खूण करून लिहिलेला. मात्र प्रत्येक गाण्यानंतर पानभर रिकाम्या ओळी आणि वर एकच शब्द, 'ऑर्गन'. तिथे मनातून वाजवायचं. ते स्वतः वाजवणार म्हणून रिकामं सोडलेलं, आणि आता हातच गेला.

राहिली आंके. ही आमची दुसरी ऑर्गन वाजवणारी. पन्नाशीची, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, सुटीच्या दिवशी नि अंत्यविधीला वाजवायची. लिहिलेलं काहीही द्या, बिनचूक. न लिहिलेलं मात्र तिने आयुष्यात वाजवलं नव्हतं. तिने केसलरांची विनवणी केली, "त्या जागा मला लिहून द्या, मी पाठ करते." कॉयरही तेच म्हणाला. चर्चच्या मंडळाने तर स्पष्टच सांगितलं, की लिहून द्या, नाहीतर रिकाम्या जागा गाळून सलग गा, आणि पुढे ऑर्गनवर पुस्तकातली भजनं तेवढी पुरेत. म्हणजे केसलर गेले की त्या चर्चमधलं मनातून वाजवणं संपलं. त्यांनी आयुष्यभर जे केलं, तेच.

आणि हा माणूस लिहून देईना! मी तालमीनंतर त्यांना गाठलं. "अहो, हट्टीपणाची पण हद्द असते. चार पानं लिहिली तर काय बोटं झिजतील तुमची?" म्हटलं आणि जीभ चावली. बोटांचंच काढलं मी.

ते रागावले नाहीत. "लिहिलं," ते म्हणाले, "तर ती मला वाजवेल. मी तर चाललोय. मग तिथे मी कशाला हवा?"

"आणि ती अडली तर?"

"आल्झो," म्हणजे 'तर मग', एवढं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

त्या वसंतात रोज संध्याकाळी आंके ऑर्गनवर आणि केसलर तिच्या पाठीमागे. ती थोडं वाजवायची, थांबायची, "मला येत नाही" म्हणायची. ते म्हणायचे, पुढे. एकदा ती रडत खाली आली. माझ्या पिशवीत मिलिंदसाठी केलेल्या कोथिंबिरीच्या वड्या होत्या, त्या मी तिला चारल्या. खाता खाता म्हणाली, "त्यांना ऐकू येतं पुढे काय ते. मला काहीच ऐकू येत नाही गं." मला तिची फार कीव आली, आणि केसलरांचा रागही.

सणाचा दिवस आला. चर्च भरलेलं. सज्जात आम्ही, मधे केसलर, उजव्या हाताने कॉयर चालवणारे. डावा हात कोटाच्या खिशात. पायांत मात्र ऑर्गनचे बूट. वाजवायचं नव्हतं, तरी.

पहिली रिकामी जागा आंकेने घाबरत घाबरत, आमचेच स्वर उलटेसुलटे करून भरली. दुसरी जरा बरी. तिसरी सगळ्यांत लांब होती. आम्ही शेवटचा सूर सोडला आणि ती निघाली, आणि काय सांगू, चांगली निघाली! चढत गेली, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि एकदम थांबली.

शांत. चर्चभर शांत. तिचे हात पट्ट्यांच्या वर तसेच अधांतरी. खाली कोणीतरी खोकलं. पाद्रीबाबांनी वर पाहिलं. मंडळाचे अध्यक्ष आमच्या टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात, होते, त्यांनी मान खाली घातली. संपलं, वाटलं. गेलं सगळं.

आणि केसलर म्हणाले, "वा!"

मोठ्यांदा. चर्चमध्ये, संगीत चालू असताना, सज्जात आम्हाला नाकसुद्धा शिंकरू न देणारे केसलर.

आंकेचे खांदे सैल झाले. तिने एकच खालचा सूर लावला, पायाने. मग त्याच्यावर दुसरा. आणि मग ती जी गेली, ती केसलरांसारखी नव्हे बरं का, तिची तीच. कमी बोलणारी, जरा अंग चोरणारी, पण पुढे जाणारी. आम्हाला पुन्हा सूर धरायचा होता, तो मी धरला खरा. मी लिफ्टने चढले की जिन्याने, देव जाणे.

मिस्सा संपल्यावर आंके मला जिन्यात भेटली. घामाने चिंब. "अडकलेच होते गं," ती म्हणाली. "डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. ते वा म्हणाले, तर वाटलं, अरे, म्हणजे हे बरोबरच होतं की काय? मग पुढचं ऐकू आलं."

खाली केसलर बाकावर बसून बूट बदलत होते. एका हाताने रस्त्यावरच्या बुटाची लेस बांधता येत नव्हती. मी काही न विचारता खाली बसले आणि बांधायला घेतली.

"ते वा फ्रेंच होतं की मराठी?" मी विचारलं.

"मराठी," ते म्हणाले. "फ्रेंच कशाला? पुढे जा म्हणायला ती अडकली कुठे होती? थांबली होती. इतकी सुंदर थांबली, की राहवलं नाही."

माझ्या तोंडात कधी तीळ भिजत नाही, मिलिंदला विचारा. पण त्या दिवशी मी लेसची गाठ मारली, वर दुसरी मारली, आणि गप्प बसले. ती खरंच अडकली होती हे त्यांना कळलं नसेल, असं मला अजूनही वाटत नाही.

समोर बस लागली होती. त्यांच्याबरोबर मी बसच्या दारापर्यंत गेले. त्यांनी ऑर्गनच्या बुटांची पिशवी बगलेत धरली, पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्याकडे वळले. मला काहीतरी छानसं जर्मन बोलायचं होतं, पण सुचेल तर शपथ. निघालेल्या माणसाला आपण जा म्हणत नाही, तेवढंच आठवलं.

"या," मी म्हटलं.

"या, या," केसलर म्हणाले.

दार बंद झालं, वरचा सूर, खालचा सूर. काचेमागे त्यांचं डोकं त्या सुरांकडे कललेलं दिसलं. पुढच्याच हिवाळ्यात, बहिणीकडे असतानाच, ते झोपेत वारले. त्यांची ती मिस्सा आम्ही दर पेन्टेकोस्टला गातो. आंके तिसऱ्या जागेत कुठेतरी थांबतेच, दर वर्षी वेगळीकडे. आणि आता मी एकटी नसते. अख्खा अल्टो म्हणतो, "वा!"